डाव्या पायाला सुट्टी

गाडी शिकवणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असावा लागतो, असा एक समज आहे. क्लचबाईंचा आवाज अगदी बेताचा होता. त्यांचं सगळं बळ होतं डाव्या पायात.

अठ्ठावीस वर्षं त्या आपल्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होत्या. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवलेला असतो, शिकणाऱ्याने घोळ घातला तर सावरून घ्यायला. बाईंचा डावा पाय त्या जादा क्लचवर असा टेकलेला असे, की शिकणाऱ्याचा पाय दचकून सुटायच्या आत तो खाली गेलेला असे. गाडीने गचका खाल्लाच नाही हे बघून शिकणाऱ्याला वाटायचं, चला, जमलं आपल्याला. मग बाई थंडपणे म्हणायच्या, "तुला नाही, मला जमलं. पुन्हा कर." तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठ वळली की क्लचबाई. बाईंना ते ठाऊक होतं. आवडतही होतं, पण तसं कबूल करायला त्या काही वेड्या नव्हत्या.

बाईंची काडेपेटी तर प्रसिद्धच होती. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर त्या गाडी उभी करायला लावत, खाली उतरत आणि मागच्या चाकामागे चार बोटं जागा सोडून एक नवीकोरी काडेपेटी ठेवत. आता निघायचं. अर्धा क्लच, थोडा अॅक्सिलरेटर, मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे सरकली की पेटी चिरडली. तुमची परवान्याची परीक्षा सरकार घेईल तेव्हा घेईल, बाईंची परीक्षा ही. पेटी शाबूत राहिली तर बाई बॉलपेनने तिच्यावर तारीख घालून ती शिकणाऱ्याच्या हातात देत, आणि तोंडाने काही म्हणजे काही म्हणत नसत. तरी लोक ती पेटी जपून ठेवत. गावातल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात सगळी मानचिन्हं चकचकीत होती, आणि त्यांच्या मधोमध बाईंची काडेपेटी.

इतक्या वर्षांत बाईंच्या हाताखालून गाडी न शिकता गेलेलं माणूस एकच, आणि ते नेमकं घरातलं. दादाची बायको. बाईंची वहिनी.

एकोणीस वर्षांपूर्वी वहिनीने हौसेने शिकायला सुरुवात केली होती. बाकी सगळं तिला जमे. चढ आला की पाचावर धारण बसे. क्लच सोडावा की अॅक्सिलरेटर दाबावा की देवाचं नाव घ्यावं, यातलं आधी काय, हेच तिला कळेना. एकामागून एक पेट्या चिरडल्या. बाई प्रत्येक वेळी खाली उतरत, चपटी झालेली पेटी उचलून डॅशबोर्डवर ठेवत आणि मोजत. अकरावी ठेवली त्या दिवशी मागच्या सीटवर दोन शिकाऊ पोरी बसल्या होत्या. त्यांच्यादेखत बाई म्हणाल्या, "अकरा. वहिनी, तुझ्याच्याने हे होणार नाही. तू आपली मागे बस."

वहिनी मागे बसली. भांडली नाही, रुसली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा चहाही तिनेच केला. पण सहा वर्षांपूर्वी, रक्त तपासायच्या ज्या लॅबमध्ये ती कामाला होती, तिथे घरोघरी जाऊन नमुने आणायला एक ऑटोमॅटिक गाडी आली, आणि वहिनीने कोणाला ताकास तूर लागू न देता दुसऱ्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन परवाना काढला. घरातच स्कूल असताना! बाईंच्या हे वर्मी लागलं. क्लच नसलेली गाडी चालवणं म्हणजे पाळण्यात बसून आपण चालतो आहोत असं सांगणं, असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून वहिनीच्या गाडीत त्यांनी एकदाही पाय ठेवला नाही. वहिनी सोडते म्हणाली तरी त्या आपल्या स्कूटरवर जात.

तर असं सगळं छान चाललेलं असताना बाईंच्या डाव्या गुडघ्याने हात टेकले. गुडघ्याने हात कसे टेकायचे ते मला विचारू नका, पण टेकले. आधी जिना उतरताना कळ यायची, मग बसून उठताना, मग सिग्नलला क्लच दाबून धरला की घाम फुटू लागला. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, त्याच काडेपेटीच्या कपाटासमोर उभ्या राहून तो उजेडात धरला आणि म्हणाल्या की मॅडम, माणूस एका आयुष्यात स्वतःपुरता क्लच दाबतो, तुम्ही हजार माणसांचा दाबलात. आता या पायाने क्लच दाबायचा नाही. एकदाही नाही.

घरी आल्यावर बाई जेवल्या नाहीत. दादाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी स्कूलसमोर एक जुनीच पण ठाकठीक ऑटोमॅटिक गाडी आणून उभी केली. तसंही हल्ली येणारं निम्मं गिऱ्हाईक ऑटोमॅटिकच मागतं, असं त्याचं म्हणणं. शेजारच्या सीटपुढे फक्त जादा ब्रेक बसवला होता. जादा क्लच बसवायला मुळात क्लच हवा ना.

पण ऑटोमॅटिक शिकवायची तर शिकवणाऱ्याला त्या गाडीवर वेगळी परीक्षा द्यावी लागे. परीक्षेला तीन आठवडे होते. त्यात नापास, तर पुढची सहा महिन्यांनी. सहा महिने शिकवणाऱ्याची सीट रिकामी ठेवणं दादाला परवडणारं नव्हतं. त्याने चाचरत, बाईंच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीकडे बघत सांगितलं, की एक शिकवणारा बघून ठेवलाय, तशी वेळ आली तर तू काउंटरवर बस, फॉर्म भर, आरामाचं काम आहे. अठ्ठावीस वर्षं ज्या काउंटरवरून बाई फक्त किल्ली उचलत आल्या, त्याच्या मागे बसून फॉर्म भरायचे! त्यापेक्षा गुडघा गेलेला परवडला, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या तडक गॅरेजमध्ये गेल्या. स्कूलच्या गाड्यांच्या क्लचप्लेटा बदलून बदलून तिथल्या मिस्त्रीचे केस पिकले होते. बाई म्हणाल्या, मला शत्रूची माहिती हवी. या डब्यात क्लच नाही तर आहे काय?

मिस्त्रीने हात पुसले आणि दोन टेबलफॅन आणून बाकावर समोरासमोर ठेवले. एकाचं बटण दाबलं, दुसऱ्याचा प्लगसुद्धा लावला नाही. पहिला फिरू लागला आणि त्याच्या वाऱ्याने समोरचाही हळूहळू फिरू लागला. हा पहिला म्हणजे तुमचं इंजिन, मिस्त्रीने सांगितलं, हा दुसरा म्हणजे गिअरबॉक्सकडे जाणारा दांडा, आणि वाऱ्याच्या जागी धरा तेल. मग त्याने दुसऱ्या पंख्याच्या जाळीतून पेन्सिल घालून पातं अडवलं. दुसरा थांबला, पहिला आपला फिरतोच आहे. म्हणजे सिग्नलला तुम्ही ब्रेक दाबून उभ्या, चाकं थांबली, इंजिन चालू. बंद पडत नाही. क्लचच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स प्लेटने एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून थांबताना पायाने ते सोडवावे लागतात. इथे चिकटलेलंच नाही, तर सोडवणार काय?

बाईंनी वाकून पेन्सिल काढली आणि दुसरा पंखा पुन्हा फिरू लागलेला पाहिला. मग त्यांनी विचारलं, की मधे नुसतं तेल असेल तर अर्धा जोर घसरण्यातच वाया जात असेल. मिस्त्रीचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने सांगितलं, की म्हणूनच दोघांच्या मधे आणखी एक छोटा पंखा असतो. परत येणाऱ्या तेलाला तो वळवून पुन्हा कामाला लावतो, त्यामुळे गाडी निघताना उलट जोर वाढतो. आणि एकदा वेग धरला की दोन्ही पंखे कुलूप लावल्यासारखे एकमेकांत अडकतात, मग घसरणं बंद. गिअर पुढे वेगळे. मधे एक चाक, त्याच्याभोवती तीन-चार छोटी चाकं, बाहेरून दात्यांचं कडं. यातलं कधी एक धरून ठेवायचं, कधी दुसरं, की वेग बदलतो. धरून ठेवायचं काम तेलाच्या दाबाचं, आणि कधी धरायचं हे ठरवायला आत एक छोटा कॉम्प्युटर.

सगळ्या ऑटोमॅटिक अशाच का, असं बाईंनी विचारलं, तर मिस्त्री आणखीच खुलला. एक स्वस्तातली येते, ती खरं म्हणजे तुमची क्लचवालीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आत यंत्राचा हात बसवलेला. पेट्रोल कमी खाते, पण गिअर बदलताना डुलकी लागल्यासारखी मान टाकते. दुसरी दोन क्लचची. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्यावर दुसरा आणि चौथा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार होऊन बसलेला, म्हणून बदललेला कळतसुद्धा नाही. बिघडली मात्र की मालकाचे डोळे पांढरे करते. आणि तिसरीत गिअर असे नाहीतच, दोन पुल्या आणि मधे पट्टा. पुली लहान-मोठी होत जाते आणि वेग आपोआप बदलतो.

"तुमच्या स्कूटरमध्ये तेच आहे की, मॅडम," मिस्त्री म्हणाला. "पंधरा वर्षं झाली. तिला क्लच कुठाय?"

बाईंनी दारात उभ्या असलेल्या आपल्या स्कूटरकडे पाहिलं. स्कूटरने काही त्यांची बाजू घेतली नाही. मिस्त्रीने पाठ वळवून स्वतःचं हसू पान्यांच्या डब्यात लपवलं, आणि बाई त्याच पाळण्यात बसून घरी गेल्या.

आता सराव. शेजारी कोणीतरी ऑटोमॅटिक चालवण्यात मुरलेलं हवं. दादा ऑटोमॅटिकला नवखाच होता. मुळात दादा गाडी चालवू लागला की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा फुटपाथवर चढत. घरात असं माणूस एकच होतं. बाईंनी तीन दिवस या विषयाला बगल दिली. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या निमित्ताने गेल्या, दोन ग्लास पाणी प्यायल्या, आणि मग एकदाचं विचारलं. वहिनी कांदा चिरत होती. मान वर न करता ती म्हणाली, की लॅब साडेआठला असते, सहाला निघू.

पहिल्या सकाळी बाजारामागच्या मोकळ्या मैदानात बाईंनी गिअरचा दांडा डी वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर टाकला, ब्रेक सोडला, आणि गाडी आपली आपण चालू लागली. बाईंना मनातून बरं वाटलं. अॅक्सिलरेटर दाबला, वेग आला, इंजिनाचा आवाज जरा चढला. आणि अठ्ठावीस वर्षं हा आवाज ऐकला की जे करायचं, ते त्यांच्या डाव्या पायाने कोणाला न विचारता केलं. तो उठला आणि पूर्ण ताकदीने खाली गेला.

क्लचच्या जागी तिथे ब्रेकची रुंद पट्टी होती.

गाडी जागच्या जागी गाडल्यासारखी थांबली. सीटच्या पट्ट्यांमुळे दोघी वाचल्या, पण वहिनीचा चष्मा पुढच्या काचेवर आपटून परत आला, आणि मागच्या सीटवर ठेवलेले किलोभर टोमॅटो एक-एक करत पुढे आले. एक बाईंच्या मांडीवर येऊन बसला. बाईंचं तोंड त्या टोमॅटोहून लाल झालं. शिकाऊ माणसाच्या हातून असं झालं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते त्यांना तोंडपाठ होतं. वहिनी तसलं काही बोलली नाही. चष्मा पुसून तिने इतकंच विचारलं, की गुडघा दुखला का.

दुखला होता. त्या सकाळी तो तीनदा दुखला, दुसऱ्या दिवशी चारदा. गंमत बघा, नवशिक्या माणसाकडून ही चूक होतच नाही. त्याच्या डाव्या पायाला काही येतच नसतं, तो बिचारा गप्प बसतो. ही चूक करायला पाय तरबेज लागतो. आणि परीक्षेत नियम साधा होता: डावा पाय ब्रेकला लागला, की परीक्षा तिथेच संपली. बाई रात्री पलंगावर पडल्या पडल्या डाव्या पायाला समजावत, दम देत. सकाळी तो पुन्हा आपलं ते खरं करी.

दुसऱ्या आठवड्यात त्या चढावर गेल्या. आधी तू दाखव, बाई म्हणाल्या, आणि सवयीने खाली उतरून मागच्या चाकामागे काडेपेटी ठेवली. वहिनीने ती आरशात पाहिली. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. एकोणीस वर्षांनी तोच चढ, तीच नणंद, आणि मागे तीच पेटी. तिने एक श्वास घेतला, हँडब्रेक सोडला, उजवा पाय ब्रेकवरून अॅक्सिलरेटरवर नेला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली.

बाईंनी वाकून पेटी उचलली. चारही कोपरे जागच्या जागी. त्यांनी ती पर्समध्ये टाकली, गाडीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गाडीने केलं. तू काय केलंस?"

वहिनीचा चेहरा उतरला. घरी आल्यावर ती चहा न घेताच लॅबला गेली. बाईंना आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं. पण वाटणं निराळं आणि मागे घेणं निराळं, आणि दुसरं त्यांना कधी शिकवलंच नव्हतं कोणी.

तरी दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला वहिनी खाली हजर होती. या वेळी चढावर स्टिअरिंग बाईंच्या हातात होतं आणि पेटी वहिनीने ठेवली. बाई निवांत होत्या. गाडीच करणार आहे ना सगळं? दांडा डी वर, तेलाचे पंखे फिरताहेत, त्यांनी ब्रेक सोडला आणि हातांची घडी घालायचीच तेवढी बाकी ठेवून वाट बघत राहिल्या. सपाट मैदानावर चालून जाणारी गाडी इथे क्षणभर घुटमळली. मग सावकाश मागे गेली. कागद चुरगळावा तसा बारीक आवाज झाला.

बाईंनी अठ्ठावीस वर्षं तो आवाज दुसऱ्यांच्या चाकाखालून ऐकला होता. स्वतःच्या चाकाखालून पहिल्यांदाच. चढ इतका उभा असला, की नुसत्या तेलाच्या जोरावर गाडी तग धरत नाही. ब्रेक सुटतो त्याच क्षणी उजव्या पायाने तिला हात द्यावा लागतो, कमी नाही, जास्त नाही. तो हात काल वहिनीने दिला होता. गाडीने नव्हे. बाईंना ते स्वच्छ कळलं.

वहिनी खाली उतरली, चपटी पेटी उचलून आणली आणि डॅशबोर्डवर, बरोबर मधोमध ठेवली.

"एक," ती म्हणाली.

दोघींनी पेटीकडे पाहिलं. आधी वहिनीच्या ओठाचा कोपरा हलला, मग बाईंनाही हसू फुटलं आणि दोघी अशा हसत सुटल्या, की चढावरून दूध घेऊन जाणारा माणूस सायकल थांबवून काचेतून बघू लागला. बाईंचे डोळे पुसून होतात न होतात तोच वहिनी म्हणाली, की वन्स, डाव्या पायातली चप्पल काढा.

बाईंना वाटलं, ही आता चपलेने मारते की काय. पण वहिनीने ती चप्पल घेऊन मागच्या सीटवर ठेवली. "तुमच्या पायाची काही चूक नाही," ती म्हणाली. "तो फार कामसू आहे. त्याला अजून कोणी सांगितलंच नाही, की उद्यापासून येऊ नकोस म्हणून. चप्पल असली की त्याला वाटतं आपण ड्यूटीवर आहोत. अनवाणी राहू द्या. त्याला सुट्टी द्या."

असल्या युक्तीने काय होणार, असं बाई म्हणाल्या. आणि झालं. आवाज चढला, पाय उठला, पण उघड्या बोटांना खालच्या चटईचा गार रबर लागला आणि तो चपापून जागेवर बसला. त्या सकाळी चूक एकदा झाली. पुढच्या सकाळी एकदाही नाही. आठवडाभर बाई डाव्या पायाने अनवाणी आणि उजव्या पायात चप्पल अशा गाडी चालवत होत्या. एकदा पेट्रोल भरायला तशाच उतरल्या, आणि पंपावरच्या माणसाने त्यांची दुसरी चप्पल शोधायला मदत करू का विचारलं.

परीक्षेच्या दिवशी वहिनीने अर्धी रजा टाकली. परीक्षक उंच, कोरडा माणूस होता, हातात फाइल. गाडीत बसताच त्याची नजर बाईंच्या पायाकडे गेली. त्याने भुवया उंचावल्या. बाईंनी शांतपणे सांगितलं, की हा पाय आज सुट्टीवर आहे. परीक्षकाने फाइलमध्ये याच्यासाठी रकाना शोधला, नव्हता.

वळणं झाली, मागे घेणं झालं. चढावर उभं करून त्याने विचारलं, की शिकणाऱ्याला इथे काय सांगाल. बाईंनी त्याला दोन पंखे सांगितले, मधला छोटा पंखा सांगितला, तेल कुठे पुरतं आणि कुठे पुरत नाही ते सांगितलं, आणि उभी करताना आधी हँडब्रेक आणि मग दांडा पी, म्हणजे पार्किंगच्या खुणेवर, नाहीतर गाडीचं सगळं ओझं आतल्या एवढ्याशा खुंटीवर येतं, हेही सांगितलं. परीक्षक लिहायचं विसरून ऐकत होता. मग उताराचा सरळ रस्ता लागला, वेग वाढला, इंजिनाचा आवाज चढला, आणि नेमक्या त्याच क्षणी परीक्षकाने फाइल डॅशबोर्डवर फाडकन आपटली.

"थांबा!"

क्लचच्या गाडीत अशा वेळी दोन्ही पाय एकदम जातात. बाईंनी हजार माणसांच्या अंगात ते मुरवलं होतं, स्वतःच्या तर हाडात. डावा पाय उठला. बाईंना तो उठलेला कळला, आणि क्षणभर काउंटर, फॉर्म, शाईचा शिक्का, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग बोटं गार रबरावर टेकली आणि पाय तिथेच, चटईवर थांबला. गाडी उजव्या पायाने थांबली होती.

परीक्षकाने खाली पाहिलं. अनवाणी पाय चटईवर, ब्रेकपासून वीतभर लांब. त्याने फाइल उघडून सही केली आणि जाता जाता विचारलं, की त्याच्या मेहुणीलाही गाडी शिकायची आहे, कधीपासून पाठवू. बाई म्हणाल्या, सोमवारपासून.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती, हातात बाईंची डावी चप्पल. सकाळी तिनेच ती काढून घेतली होती आणि तेव्हापासून हातातच राहिली होती. बाईंचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. ती उठली आणि चप्पल बाईंच्या पायापाशी ठेवायला वाकली, तर बाईंनी तिला दंडाला धरून सरळ उभं केलं.

त्यांनी पर्स उघडली आणि एक काडेपेटी काढून तिच्या हातावर ठेवली. चार कोपरे शाबूत. वरती बॉलपेनने तारीख होती, दहा दिवसांपूर्वीची, चढावरच्या त्या सकाळची. तारखेखाली लिहिलं होतं: नंबर बारा.

"त्याच दिवशी लिहिली होती?" वहिनीने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी. माझी चिरडल्यावर." बाई म्हणाल्या. "गाडीने नव्हतं केलं, वहिनी. तू केलं होतंस. आणि तेव्हा तुला मागे बस म्हणाले, तेही मी चुकले. तुला येत नव्हतं असं नाही, मला शिकवता आलं नाही."

वहिनीने पेटी मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले, आणि त्या हातात चप्पल होती हे तिच्या लक्षात आलं नाही. बाईंनी ती काढून घेतली आणि पायात घातली. मग गाडीची किल्ली वहिनीला दिली.

घरी जायचं होतं. दोघी गाडीकडे आल्या. बाईंनी मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या, अगदी मधोमध, पर्स मांडीवर घेऊन. वहिनी पुढचं दार धरून बघतच राहिली.

"वन्स, पुढे या की."

"नको," बाई म्हणाल्या. "आज मी मागे बसते. चल, घे."